गनवर की हातावर?

नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात ‘१९ची गोटी द्या’ असं सांगितलं की दुकानदार लगेच कपाटाकडे वळत नाही. आधी विचारतो, “गनवर की हातावर?” ज्याला उत्तर येत नाही तो नवखा, हे त्याला तेवढ्यावर कळतं. मला उत्तर आलं नाही. त्याने माझ्याकडे, मग माझ्या वहीकडे पाहिलं आणि दोन गोट्या काउंटरवर ठेवल्या.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हाताचं काम’ असा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात विणकर, कुंभार, फार तर तांबट असावेत. मी पान्यांच्या बाजारात जाते म्हटल्यावर फोनवर क्षणभर शांतता होती. पण आज महाराष्ट्रात हाताने काम करणाऱ्यांची गणती करायला बसलं तर सगळ्यात जास्त हातांत काय सापडेल? माझा अंदाज पान्याचा आहे. दुचाकीचा मेकॅनिक, टायरवाला, पंप दुरुस्त करणारा, पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढणारा तंत्रज्ञ, मोटारींच्या कारखान्यातली मुलगी, हे सगळे दिवसभर नट फिरवतात. त्यांच्या कामाचं यश ज्यावर ठरतं ती वस्तू अंगठ्याएवढी असते. कॅटलॉगमध्ये तिला सॉकेट म्हणतात, गॅरेजमध्ये गोटी.

मस्जिद स्टेशन आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या मधल्या दाटीत ही पेठ आहे. हातगाड्या, डोक्यावर बेअरिंगची खोकी घेतलेले हमाल, किलोवर विकले जाणारे बोल्ट. दुकानं अशी अरुंद की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि माल माळ्यावर. एका दुकानात फक्त ड्रिल, दुसऱ्यात फक्त साखळ्या, आणि काहींत भिंतभर पाने. जालंधर-लुधियानाचा माल, नाशिकच्या सातपूरमध्ये बनणारी टपारियाची हत्यारं, तैवानहून आलेल्या काळ्या गोट्या आणि कुठून आल्या हे कुणी विचारू नये अशाही काही.

दोन गोट्या, एकच नंबर

काउंटरवरच्या दोन्हींवर १९ कोरलेलं होतं. एक चांदीसारखी लखलखीत, भिंत पातळ, हातात हलकी. दुसरी मळकट काळी, जाड, पहिलीच्या मानाने चांगलीच वजनदार. दोन्हींना एका बाजूला षटकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला अर्ध्या इंचाचा चौकोन. नट दोन्हींत तसाच बसतो. काळी महाग. “लोक चकचकीत उचलतात,” दुकानदार म्हणाला. “स्वस्त पण आणि दिसते पण छान. मी विचारतो कारण आठवड्याने तुटलेली घेऊन हेच परत येतात.”

या चौकोनाची एक गंमत आहे. नटाकडची बाजू मिलिमीटरमध्ये आणि हँडलकडची इंचात, हा कारभार जगभर असाच चालतो. पाव, तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण आणि एक इंच हे चौकोनाचे रुळलेले आकार. मेट्रिक पद्धत आली, मोटारी जपानी-जर्मन झाल्या, तरी चौकोन हलला नाही. मानकांत त्याला ६.३, १०, १२.५, २०, २५ मिलिमीटर अशी नावं दिली गेली, पण नागदेवीत कुणी ‘साडेबारा मिलिमीटरचा रॅचेट’ मागितला तर त्याच्याकडे पाहुण्यासारखं पाहतील.

चौकोनाचा आकार निवडणं ही खरं तर पहिली पायरी, आणि तीच लोक ओलांडून जातात. पीळ सोसण्याची ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पावावरून अर्ध्या इंचावर गेलं की ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. अर्ध्यावरून एक इंचावर गेलं की पुन्हा आठपट. म्हणून मोठ्या नटासाठी छोट्या चौकोनाला अडॅप्टर लावून काम भागवणं हा हमखास फसणारा उपाय. साखळीतल्या सगळ्यात बारीक चौकोनापेक्षा जास्त जोर पुढे जातच नाही, आणि तुटतं तेही तिथेच.

गोटी आणि हँडल वेगळे असतात यात आज कुणाला नवल वाटत नाही. पूर्वी प्रत्येक गोटीला स्वतःची दांडी जोडलेली असे. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी पाच दांड्या आणि दहा गोट्या असा संच विकायला काढला. कुठलीही गोटी कुठल्याही दांडीवर बसे, म्हणजे पन्नास पान्यांचं काम पंधरा नगांत. आज जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक असलेली स्नॅप-ऑन कंपनी त्यातून उभी राहिली.

गन पिळत नाही, ठोकते

काळी आणि चकचकीत यांतला फरक कळायला गनच्या, म्हणजे नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट यंत्राच्या, पोटात काय चालतं ते पाहावं लागतं. हाताने पाना ओढताना जोर हळूहळू चढतो. नट जाम असेल तर दांडी किंचित वाकते, गोटी किंचित ताणली जाते, आणि नट सुटला की सगळं जागेवर येतं. हवेच्या गनमध्ये असा सलग जोर नसतोच. आतली मोटर एका जड तुकड्याला फिरवून वेग देते, तो तुकडा गोटीच्या दांड्यावर आडवा आदळतो, सुटतो, पुन्हा वेग घेतो, पुन्हा आदळतो. दर मिनिटाला असे शेकडो-हजारो घाव, आणि प्रत्येक घाव क्षणाच्या लहानशा अंशात संपणारा. म्हणूनच गन हातात धरणाऱ्याचं मनगट मोडत नाही. त्याला थरथर जाणवते, पीळ नटाकडे जातो. बॅटरीवरच्या गनमध्येही हीच रचना असते, फक्त हवेच्या जागी वीज.

हातासाठीची गोटी बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची. तिला पाणी जास्त चढवलेलं असतं, म्हणजे ती कडक असते. कडक असल्याने भिंत पातळ ठेवता येते, आणि पातळ भिंतीमुळे ती इंजिनाच्या कानाकोपऱ्यात शिरते. वर क्रोमचा मुलामा, म्हणजे गंज नाही आणि तेलाचे हात पुसले की लख्ख. पण कडकपणाला चिवटपणाची किंमत मोजावी लागते. घावांखाली ती आधी आतल्या कोपऱ्यांत केसासारखी तडकते आणि मग एका घावाला बांगडी फुटावी तशी फुटते. त्याच्याही आधी क्रोमचे पापुद्रे सुटतात. ते पात्यासारखे धारदार असतात.

गनसाठीची गोटी मुद्दाम थोडी मऊ ठेवलेली असते. बहुतेकदा क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, भिंत जाड, वर मुलामा नाही, फक्त काळा फॉस्फेट किंवा ऑक्साइडचा थर. घाव बसला की ती अगदी थोडी दबते आणि सावरते. वर्षानुवर्षांच्या माराने तिचं तोंड पसरतं, कोपरे गोल होतात, ती निकामी होते, पण सहसा उडत नाही. चांगल्या हत्याराचं मरणही असं शहाणं असावं लागतं, असं मला त्या दुकानात वाटून गेलं.

काळा रंग हा मात्र पुरावा नव्हे. क्रोम-व्हॅनेडियमच्याही चांगल्या इम्पॅक्ट गोट्या बनतात, कारण धातूच्या नावापेक्षा त्याला उष्णता आणि पाणी कसं दिलं यावर जास्त अवलंबून असतं. उलट, हाताची गोटी काळी करून विकणारेही बाजारात आहेत. दुकानदाराने ओळखायच्या खुणा दाखवल्या. भिंतीची जाडी पाहायची. चौकोनाच्या बाजूला आरपार भोक आणि त्याभोवती खाच आहे का, ते पाहायचं. त्यात पिन जाते आणि खाचेत रबरी रिंग बसते. मानकाचा आकडा कोरलेला असेल तर उत्तम. आंतरराष्ट्रीय मानकात हाताच्या गोटीसाठी आयएसओ २७२५चा पहिला भाग आहे, यंत्राच्या गोटीसाठी दुसरा. जर्मन मानकात यंत्राच्या गोटीचा आकडा डिन ३१२९. नुसतं ‘इम्पॅक्ट’ तर कुणीही कोरतं.

ट्रान्सपोर्ट नगरात

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात सकाळी दहाला धूळ बसलेली असते आणि ट्रक उभे. टायरच्या दुकानासमोर एका ट्रेलरचं मागचं चाक उतरवायचं होतं. कॉम्प्रेसर धडधडत होता. एक इंची गन दोन हातांनी उचलावी लागते. तिच्या नाकावर ३२ची काळी गोटी. अशा जड चाकांच्या २२ मिलिमीटर बोल्टांना साधारण ३२ किंवा ३३ची गोटी लागते, आणि या दोन नंबरांतली गफलत हे नटाचे कोपरे खाल्ले जाण्याचं इथलं नेहमीचं कारण. ३३ची गोटी ३२च्या नटावर बसते. सैल बसते, पण बसते. घाईत तेवढं पुरतं.

पोरगा विशीतला. त्याने गोटी नटावर पूर्ण आत दाबली, मग घोडा ओढला. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि नट निघाला. “आधी दाबायची, मग हवा,” त्याने सांगितलं. “अर्धी बसली असताना हवा दिली की कोपरा गेला.” गोटी गनवर धरून ठेवणाऱ्या पिनेभोवती रबरी रिंग नव्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली होती. शेजारच्या दुकानात त्या जागी पिनेऐवजी खिळा वाकवून घातलेला दिसला. कारखान्याची रिंग काही रुपयांची, पण ती संपली की बाजारात कोण जाणार? ट्यूबची पट्टी निदान लवचीक असते. खिळा सुटला तर फिरत्या गोटीबरोबर भिरकावला जातो. या एका बाबतीत मला जुगाडाचं कौतुक करवत नाही.

हवा नसते तेव्हा? मालकांनी कोपऱ्यातला पाइप दाखवला, मीटरभराहून लांब. व्हील पान्याच्या दांडीवर तो चढवायचा आणि त्यावर माणसाने उभं राहायचं. हिशेब सोपा आहे. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब दांडीच्या टोकावर उभा राहिला की सुमारे ५९० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, आणि ट्रकच्या चाकाचा नट आवळण्याचा आकडा अनेक गाड्यांत ६००च्या आसपासच असतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या क्लिनरने पाइपवर उभं राहून दिलेला पीळ अगदीच अंदाजपंचे नव्हता. एक इंची गन मात्र दीड-दोन हजारांपर्यंत सहज जाते. ती सोडवायला वरदान, आवळायला संकट.

त्याच रांगेत पुढे मोटारींची चाकं बदलणारं दुकान होतं. तिथे गनवर चकचकीत गोटी लावलेली दिसली. हटकल्यावर मिस्त्री चिडले नाहीत. त्यांनी ॲलॉय व्हीलच्या नटाचं भोक दाखवलं. “यात काळी जाते का सांगा, ताई. कडा घासतात, मग गिऱ्हाईक भांडतं.” तक्रार खरी आहे. नट खोल, अरुंद विवरात असतो, त्यात जाड भिंत मावत नाही. उपाय बाजारात आहे: पातळ भिंतीची, लांब, गनसाठीच बनवलेली गोटी, वर मोकळं फिरणारं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे चाकाला ओरखडा नाही. बहुधा १७, १९, २१ अशा तिघींच्या संचात मिळते. मिस्त्रींना ती माहीत होती. एकदा आणली होती, आवरण फाटलं, पुन्हा आणली नाही. डोळ्यांवर चष्मा कुणाच्याच नव्हता.

लांब एक्स्टेंशन लावून गन चालवणाऱ्यांची एक तक्रार तिथेच ऐकली: “गन कमजोर झाली.” गन तशीच असते. लांब दांडी प्रत्येक घावाला थोडी पिळवटते आणि घाव स्वतःच गिळते. म्हणून गनवर जमेल तेवढी आखूड गोटी, जमेल तेवढे कमी सांधे. हाच दोष वापरून मोजक्या पिळावर थांबणाऱ्या दांड्याही बनवल्या जातात, पण आपल्या टायरच्या दुकानांत त्या क्वचित दिसतात.

सहा कोन, बारा कोन आणि मेलेले नट

गोटीच्या तोंडात सहा कोन असतात किंवा बारा. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते, कारण तीस अंश फिरवलं की पुढची जागा सापडते. सहा कोनीला साठ अंश लागतात. जिथे पाना जेमतेम हलतो तिथे ही सोय मोठी. पण बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्यांजवळ धरते, आणि गंजलेल्या, आधीच झिजलेल्या नटाचा कोपरा तेवढ्याने ‘मरतो’. आता दात बारीक असलेले रॅचेट, म्हणजे मागेपुढे हलवत नट फिरवणारी हँडलं, मिळतात. ७२ दातांचा रॅचेट पाच अंशांत पुढची पकड घेतो. त्यामुळे बारा कोनांचा मुख्य फायदा संपल्यात जमा आहे. माझं मत विचाराल तर घरच्या पेटीत सहा कोनीच असावी. गनवर तर दुसरा विचारच नको. चांगल्या सहा कोनी गोटीत कोपरे आतून किंचित कोरून घेतलेले असतात, म्हणजे जोर नटाच्या सपाट बाजूंवर पडतो.

नंबरांचा गोंधळ हा वेगळा संसार. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला जर्मन पद्धतीच्या यंत्रात १३ची गोटी, जपानी वळणाच्या गाडीत बहुधा १२ची. १० मिलिमीटरच्या बोल्टाला कुठे १७, कुठे १६, कुठे १४. म्हणून होंडाच्या वळणाच्या मोटारसायकलींवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या पेटीत ८, १०, १२, १४, १७ घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि १३ नवीकोरी. जुन्या चेतक स्कूटरचा स्पार्क प्लग २१चा, स्प्लेंडरचा १६चा. प्लगच्या गोटीत रबराचा तुकडा असतो, चिनी मातीची मान सांभाळायला. तो हरवला की मेकॅनिक पुन्हा ट्यूबच शोधतो.

जुन्या ब्रिटिश यंत्रांचं गणित तर उलटंच. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं मानक सुचवलं, आणि त्या पद्धतीच्या पान्यावर तोंडाचं माप नसून बोल्टाची जाडी लिहिलेली असते. ‘अर्धा व्हिटवर्थ’ पान्याचं तोंड ०.९२ इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं गिरणगावात आली तेव्हा त्यांच्याबरोबर हेच आटे आले. गिरण्या गेल्या, पण जुनी बुलेट जपणाऱ्यांना हे पाने आजही लागतात, आणि ते नव्या संचात मिळत नाहीत. इंचातली १९ मिलिमीटरची जुळी मात्र आहे: पाऊण इंच म्हणजे १९.०५. तिथे अदलाबदल खपते. अकरा सोळांश इंचाच्या नटावर १८ची गोटी लावली तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट राहते, आणि मग नट मरतो.

चाकणच्या लाइनवर

चाकणच्या एका कारखान्यात हेच काम वेगळ्या जगात चालल्यासारखं दिसतं. तिथे गन ठणठणत नाही. वरून लटकलेला विजेचा नटरनर घूं करून थांबतो, पडद्यावर हिरवा दिवा लागतो. प्रत्येक नटाचा पीळ आणि कोन नोंदला जातो. गोट्या एका ट्रेमध्ये खाचांत ठेवलेल्या. कामगार मुलीने १३ची उचलली की ट्रेमधल्या सेन्सरला कळतं आणि यंत्र १३चा कार्यक्रम निवडतं. चुकीची गोटी उचलली तर नटरनर फिरतच नाही. या पद्धतीला लाइनवर सगळे ‘पोका-योके’ म्हणतात, आणि तो शब्द पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आता मराठीच झाला आहे.

सुपरवायझरने ड्रॉवरमधून बाद गोट्या काढून दाखवल्या. मला त्या नव्यासारख्या वाटल्या. तोंडात गेज घालून पाहतात. गेज जायला नको तिथे गेला की गोटी बाद. ट्रान्सपोर्ट नगरात गोटी फुटेपर्यंत चालते. इथे ती झिजायला लागताच जाते, कारण सैल गोटी फिरताना डगमगते आणि पिळाचा आकडा खोटा येऊ शकतो.

मुळात त्या आकड्यातला बराचसा भाग नट आवळण्यात जातच नाही. साधारण निम्मा पीळ नटाच्या बुडाखालचं घर्षण खातं, चाळीसेक टक्के आट्यांतलं घर्षण. उरलेला दहाएक टक्के बोल्टाला ताणतो, आणि त्या ताणानेच सांधा घट्ट राहतो. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि तोच पीळ बोल्टाला ठरल्यापेक्षा जास्त ताणतो. ‘नट सहज फिरावा’ म्हणून चाकाच्या बोल्टांना ग्रीस फासणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पेटीत काय असावं

दुचाकी असेल आणि हाताने काम करायचं असेल तर तीन अष्टमांश इंचाचा सहा कोनी संच पुरतो, ८ ते १९. मोटारीसाठी अर्ध्या इंचाचा, २४पर्यंत. जाम नट सोडवायला रॅचेट वापरू नये. त्याचे दात त्यासाठी नसतात. त्या कामाला साधा टी-बार किंवा लांब दांडी घ्यावी आणि नट सुटल्यावर रॅचेट लावावा. एकच संच परवडत असेल आणि पुढेमागे गन घ्यायचा विचार असेल, तर काळाच घ्यावा. गनची गोटी हातावर खुशाल चालते, फक्त जड लागते आणि अडचणीच्या जागी शिरत नाही. हाताची गोटी गनवर चालत नाही.

हे आता गॅरेजपुरतं राहिलेलं नाही. बॅटरीवरच्या गन घरपोच मिळू लागल्या आहेत. हौशी माणूस ती आणतो आणि वडिलांच्या पेटीतली चकचकीत गोटी तिच्यावर चढवतो. तुम्ही तसं करणार असाल तर गनबरोबर काळ्या गोट्या आणि डोळ्यांचा चष्मा त्याच दिवशी घ्या.

आणि चाक कुणीही बसवो, तुम्ही वा टायरवाला, गनने नट फक्त टेकवून घ्या. शेवटचा पीळ गाडी जमिनीवर उतरवून, समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने, टॉर्क पान्याने हाताने द्यायला सांगा. बहुतेक छोट्या-मध्यम मोटारींना हा आकडा ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत छापलेला आहे.